हिरवं मेण

ओरिनकुल बाजारात लोणी घेते तेव्हा आधी शेजारच्या गिऱ्हाइकाच्या नाकाखाली धरते. "बघा हो, खवट तर नाही ना?" लोकांना वाटतं, म्हातारी फार चिकित्सक. खरी गोष्ट अशी की तिला वास येतच नाही. दोन नाकपुड्यांच्या मधला पडदा तिच्याकडे आता नावापुरताच उरला आहे.

तो क्रोमने खाल्ला. शाख्तिन्स्क या कोळशाच्या खाणींच्या गावातल्या ज्या दुरुस्ती कारखान्यात तिचं आयुष्य गेलं, तिथे खाणीचं छत तोलणारे पोलादी खांब येत. कोळशाच्या ओल्या भुकटीने खांबातल्या सरकत्या दांड्यावर चरे पडतात, मग खांबातलं तेल गळू लागतं आणि खांब हळूहळू बसतो. बसला की वरचा डोंगर खाली येतो. म्हणून दांडा पिवळ्या-तांबड्या आम्लाच्या हौदात टांगायचा, वीज सोडायची आणि त्यावर क्रोमचा थर चढवायचा. थर कागदाइतका पातळ, पण कानस मारली तरी कानसच घसरते. जिथे थर नको, तिथे आधी हिरवं मेण फासायचं. मेणाखाली क्रोम जात नाही.

हौदात बुडबुडे फुटतात तेव्हा त्यातून बारीक धुकं उठतं. ते ओढून घेण्यासाठी हौदाच्या कडेला पंखा बसवलेला होता. पंखा बंद पडला, त्याची मोटर कोणीतरी खाणीकडे नेली, आणि ती परत आलीच नाही.

पहिल्यांदा नाकातून रक्त आलं, मग खपल्या धरल्या, मग एक दिवस श्वास घेताना शीळ वाजली. नवरा जिवंत होता तेव्हा. तो म्हणाला, "बायको केली होती, हा शीळ घालणारा चहाचा समोवार कुठून आला?" दोघंही हसली. पुढे शीळ बंद झाली. ओरिनकुलला वाटलं, भरून आलं. हौदावरची एर्ना तिला म्हणाली, "भरून कसलं येतंय गं? भोक मोठं झालं की शीळ वाजत नाही. माझीही अशीच गेली."

मेणाची युक्तीही एर्नाचीच. दर वसंतात दवाखान्यातून डॉक्टरीणबाई येत. नाकात भोक दिसलं की बाईला हौदावरून उठवत. उठवलं की हौदावरच्यांना कारखान्याकडून मिळणारा दुधाचा रतीब बंद आणि जोखमीच्या कामाची लवकरची पेन्शनही गेली. म्हणून तपासणीच्या सकाळी एर्ना मेणाची गोळी तळहातावर मऊ करी, चपटी करी आणि एकेकीच्या भोकावर आतून बसवी. "मान वर. शिंकू नकोस, नाहीतर डॉक्टरीणबाईंच्या चष्म्यावर जाईल." एर्ना फुप्फुसाने गेली. मेणाचं काम ओरिनकुलकडे आलं. तिने कित्येक वसंत स्वतःला आणि इतरांना निरोगी केलं.

मग मुलगा काम करायचा ती खाण बंद पडली आणि सून झानार कारखान्यात हौदावर मदतीला लागली. ओरिनकुलनेच फोरमन बोलातकडे शब्द टाकला होता. पहिल्याच हिवाळ्यात झानारच्या उशीवर रक्ताचे डाग दिसू लागले. तपासणीच्या आदल्या संध्याकाळी चहाच्या वेळी झानार सासूला म्हणाली, "आपा, उद्या मलाही लावाल ना?"

"तुला भोक पडलंय?"

"अजून नाही. पण सालपट निघालंय. डॉक्टरीणबाईंना दिसेल."

ओरिनकुलने पेला खाली ठेवला. "उद्या मेण कोणीच लावायचं नाही. मी अशीच जाणार. एकीचा आजार कामामुळे झाला असं कागदावर आलं, की हौद बंद ठेवून पंखा बसवावाच लागतो. कायदा आहे तसा."

"आणि तुमची पेन्शन?"

"माझं नाक गेलंच आहे. तुझं अजून आहे."

सकाळी ती खुर्चीत बसली. डॉक्टरीणबाई तामारा इग्नात्येव्ना यांनी एका नाकपुडीत दिवा धरला. दुसरी नाकपुडी लाल उजळली. त्यांनी दिवा विझवला.

"आज मेण कुठे गेलं?"

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"अगं, हिरवं असतं ते. माणसाच्या नाकात हिरवं काय उगवतं?"

"मग कधी बोलला का नाहीत?"

"एर्नाने याच खुर्चीत माझे हात धरले होते. म्हणाली, मला उठवलंत तर पोरं काय खातील ते सांगा. मला सांगता आलं नाही. मग तुम्हा सगळ्यांच्याच बाबतीत डोळेझाक केली."

"आज करू नका. दिसतंय ते लिहा."

बाईंनी लिहिलं. पण निकाल कारखान्याच्या समितीने द्यायचा होता, आणि समितीपुढे बोलातने साधा प्रश्न टाकला. "गेल्या वसंतात नाक धड होतं ना? डॉक्टरीणबाईंचीच सही आहे. एका वर्षात एवढं भगदाड हौदामुळे पडतं का?" समितीने तामारा इग्नात्येव्नांकडे पाहिलं. त्या काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर आधीच्या सगळ्या सह्या खोट्या ठरल्या असत्या.

ठरलं ते असं: आजार कामाचा नाही, बाई हौदावर चालणार नाही. ओरिनकुलला कपड्यांच्या खोलीत खुंट्या सांभाळायला बसवलं. पंखा तसाच राहिला. बाहेर पडताना बोलात म्हणाला, "ताई, राग मानू नका. तुमचं नाक इतकी वर्षं ठणठणीत ठेवलं कोणी? आम्ही का?"

तिच्या हौदावर झानारला लावलं.

त्या हिवाळ्यात घरात एक नवा आवाज आला. जेवताना, भांडी घासताना, चहा ओतताना. मुलगा म्हणाला, "शीळ कोण घालतंय?" झानारने तोंडाने श्वास घ्यायला सुरुवात केली.

वसंतात तपासणीच्या सकाळी ती कपड्यांच्या खोलीत आली. दार लोटून घेतलं आणि मूठ उघडली. मुठीत हिरवं मेण होतं.

"आपा, मला नीट बसवता येत नाही. सटकतंय."

"तामाराबाईंना दिसतं ते."

"दिसू दे. बोलत नाहीत ना."

ओरिनकुलने खुंटीला टांगलेल्या कोटांकडे पाहिलं. एर्नाची खुंटी कोणती, ते तिला अजून ठाऊक होतं. मग तिने मेण घेतलं, दोन्ही तळहातांत धरून मऊ होईपर्यंत चोळलं, बोटांनी चपटं केलं.

"मान वर कर," ती म्हणाली. "आणि शिंकू नकोस."