कापलेली चामखीळ

२०२२ साल. माझं वय सदुसष्ट. तासगावजवळच्या एका शेडात मी बेदाणा निवडायला बसत होतो. काडी बाजूला, काळा मणी बाजूला. उकाड्यानं सदऱ्याची वरची बटणं सोडली होती. तेवढीच चूक.

व्यापारी माल बघायला आला. मूठभर बेदाणा उचलला. माझ्या मानेकडं बघून परत टाकला.

"माल लोकांनी खायचाय, मालक. ह्याच्या मानेला काय लोंबतंय बघा. रोगी मानूस बसवलाय व्हय?"

माझ्या मानेला चामखिळी आहेत. चाळिशीपासून. मऊ, बारीक देठाच्या. दुखत नाहीत, खुपत नाहीत. एक तेवढी हरभऱ्याएवढी. बायकोनं एकदा तिला घोड्याच्या शेपटीचा केस करकचून बांधला होता. लय ठणकली, मीच केस तोडून टाकला.

"रोग न्हाई ह्यो," मी म्हणालो. "चामखीळ हाय."

मालक माझ्या थोरल्या पोराच्या वयाचा. तो माझ्याशी बोललाच नाही. घडातले मणी विरळायची टोकदार कात्री खिळ्याला असायची, ती त्यानं काढली.

"धरा रं ह्याला."

एकानं हात मागं पिरगाळले. दुसऱ्यानं डोकं पोत्यावर दाबलं. तो दुसरा माझा सख्खा पुतण्या. खराब मणी खुडावा तशी मालकानं ती हरभऱ्याएवढी चामखीळ कापली. कच्च. रक्त गळ्यावर, सदऱ्यावर, बेदाण्यावर. मी जनावरासारखा ओरडलो. बायका खाली मान घालून निवडत राहिल्या.

"गेला बघ म्हाताऱ्या तुझा रोग."

व्यापारी हसला.

जखम पिकली. मान वळेना. सांगलीच्या सरकारी दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाई जवळ आल्या तसा मीच मागं सरलो.

"हात लावू नका बाई. रोगी म्हनत्यात मला."

हे मी म्हणालो. माझ्या तोंडानं. मालकाची कात्री इतकी आत गेली होती.

बाईंनी मान सगळी चाचपली. "काका, या साध्या चामखिळी. एकाच्या दुसऱ्याला लागत नाहीत. जन्मभर राहिल्या तरी काही होत नाही. घरी कापायचं नाही, बांधायचं नाही. एखादी भराभर वाढली, रंग बदलला, आपोआप रक्त आलं तर दाखवायची. पण ही कुणी कापली?"

पडलो म्हणणार होतो. खरं सांगितलं.

"पोलिसांत जा," त्या म्हणाल्या. "आणि बाकीच्या घासत असतील तर बधिर करून काढून देते."

"नको. त्यांच्या डोळ्यांत सलत्यात म्हनून माझं कातडं कमी करनार न्हाई."

संध्याकाळी पुतण्या दारात. मी ठाण्यात जाणार, हे त्याला कळलं होतं.

"तात्या, मिटवा की. एवढीशी चामखीळ ती."

"डोकं कुनी दाबलं रं माझं?"

"मालकानं सांगितलं म्हनून..."

"हात कुनाचा हुता?"

तो हळूच म्हणाला, "माजं नाव तेवढं घेऊ नका. काम जाईल."

भिंतीला कोयता होता. माझी नजर तिकडं गेली. ती त्यानं बघितली आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ठाण्यात गेलो. सदरा काढून उभा राहिलो.

"आजोबा, चामखिळीपायी तक्रार?" हवालदार म्हणाला.

"चामखिळीपायी न्हाई. मला दाबून धरलं, त्यापायी. लिवा."

मालकाचं नाव सांगितलं. हात पिरगाळणाऱ्याचं सांगितलं.

"आणि डोकं दाबणारा?"

पुतण्याचं नाव सांगितलं. पुरं. मधलं नाव माझ्या भावाचं, आडनाव माझं.