एकाच नावाच्या फाइली

"आवाज माझाच हाय, पण ही चाल ती नाय."

आक्का हे समोरच्या खोलीत म्हणाल्या. मी स्वयंपाकघरात चहात साखर घालत होते, तिथे मला ऐकू आलं. गळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांचा आवाज कागद चुरगळल्यासारखा येतो, तरी शब्द न् शब्द कळला. मी चमचा खाली ठेवला आणि गॅस उगाचच बारीक केला.

आक्का म्हणजे आईच्या भजनी मंडळातल्या मुख्य गाणाऱ्या. मखमलाबादकडे त्यांचा गुलाबाचा मळा आहे. कार्तिकात देवळात महिनाभर पहाटेचा काकडा असतो, तो इतकी वर्षं त्यांनीच म्हटला. आता डॉक्टरांनी गाणं बंद केलंय. यंदा सुनेने म्हणायचा असं ठरलं होतं. सून गाते बरी, पण काकड्याच्या चाली तिला येत नव्हत्या. त्या आक्कांच्या जुन्या रेकॉर्डिंगवरून शिकायच्या होत्या, आणि कार्तिक तीन आठवड्यांवर आला होता.

रेकॉर्डिंग लावून देण्याचं काम माझ्याकडे आलं, कारण मी घरून कॉम्प्युटरवर काम करते आणि मला नाही म्हणता येत नाही. आईने मला न विचारताच मंडळात सांगून टाकलं होतं, ही देईल करून, हिला शनिवार-रविवारी काय असतं. मला शनिवार-रविवारी झोप असते. पण तेवढंही मी म्हटलं नाही.

आक्कांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून एक मेमरी कार्ड आणि एक पेन ड्राइव्ह पाठवला. त्यात सगळं एकत्र होतं. मोबाईलच्या ग्रुपवर फिरलेल्या ओपस फाइली, कुणाच्या तरी भाच्याने चांगल्या फोनवर घेतलेल्या, एका सप्ताहात साउंडवाल्याने काढून दिलेल्या भल्यामोठ्या वेव्ह फाइली. आणि बऱ्याचशा एएमआर. त्या आक्कांच्या मालकांनी, ते होते तेव्हा, बटणांच्या साध्या फोनवर घेतलेल्या. हा फॉरमॅट फोनवरच्या बोलण्यासाठी बनवलेला. गाणं त्यात डब्यात बसून म्हटल्यासारखं वाटतं. नावं म्हणाल तर सगळीकडे 'रेकॉर्डिंग' आणि पुढे आकडा.

आक्कांकडे कार्ड घालून वाजवायचा छोटा स्पीकर आहे. तो फक्त एमपी थ्री वाजवतो. म्हणजे सगळ्याचं एमपी थ्री करायचं, प्रत्येक फाइल ऐकून अभंगाच्या पहिल्या ओळीचं नाव द्यायचं आणि कार्डावर नीट लावून परत द्यायचं. आठवडाभर ऑफिसच्या कामात दुसऱ्यांच्या फाइलींना नावं द्यायची आणि सुट्टीत यांना. पहिल्या शनिवारी मी पूर्ण अभंग ऐकत होते. दुसऱ्या शनिवारी पहिली ओळ कळली की पुढे जायला लागले. हेडफोनने कान दुखायचे. आई मधूनमधून येऊन एखादी ओळ म्हणून दाखवायची आणि विचारायची, ही आली का गं? मी मान हलवायचे.

नावं देऊन झाल्यावर दिसलं की एकेका नावाच्या दोन-दोन, तीन-तीन फाइली आहेत. ते पाहून मला बरं वाटलं, हे खरं. काम कमी होणार होतं. एका अभंगाची सगळ्यात स्वच्छ फाइल ठेवली, बाकीच्या काढल्या. स्वच्छ कुठल्या, तर वेव्ह आणि नव्या फोनवरच्या. काढल्या त्या बहुतेक एएमआर. मग कॉम्प्युटरवरची कचरापेटी रिकामी केली, कार्ड आणि पेन ड्राइव्ह दोन्ही फॉरमॅट केले आणि त्यावर नवा संग्रह भरला. अनुक्रमांकासकट.

माझ्या शाळेत मराठी कवितेला एकच चाल असायची, बाई म्हणायच्या ती. एकच अभंग संध्याकाळच्या भजनाला एका चालीत आणि पहाटेच्या काकड्याला दुसऱ्या चालीत म्हणतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं. पण नुसतं माहीत नव्हतं असं म्हणून चालणार नाही. एक एएमआर मी थोडी जास्त वेळ ऐकली होती. त्यात आक्का फार सावकाश म्हणत होत्या, मागे चिपळ्या आणि कुणाचं तरी खोकणं. मला ते वेगळं वाटलं होतं. मी मनात म्हटलं, रेकॉर्डिंगच खराब आहे. आणि तीही काढली.

चहा घेऊन बाहेर गेले तेव्हा आक्का स्पीकर मांडीवर घेऊन बसल्या होत्या. सून शेजारी वही उघडून. आई खुर्चीवर. आक्का पुढचं बटण दाबत होत्या, दोन ओळी ऐकत होत्या, पुन्हा दाबत होत्या. सगळ्या संध्याकाळच्या चाली, स्वच्छ, खणखणीत.

"ह्यांनी घेतलेली कुठं गेली?" त्या सुनेला म्हणाल्या. "काल घरी तूच घेऊन बसली व्हती ना हे? कायतरी दाबलं असशील."

सून म्हणाली की तिने फक्त आवाज वाढवला होता.

"आवाज वाढवला म्हणं. मागं मिक्सरचं बी असंच केलं व्हतं."

आई हसली. म्हणाली, अहो आक्का, आमच्या हिने तर सगळं नंबर घालून दिलंय, ही फार नीटस आहे कामाला. आक्कांनी माझ्याकडे पाहून मान डोलावली, खूप कौतुकाने. सुनेने वही मिटली. तिचे कान लाल झालेले मला दिसले. मला तो लालपणा चांगला ओळखीचा आहे.

मी कप ठेवले. गप्प बसले असते तर विषय मशीन बिघडण्यावर गेला असता आणि तिथेच संपला असता. मला गप्प बसायला कधीच कष्ट पडत नाहीत. आक्का बोटाने पुन्हा ते बटण चाचपत होत्या, आणखी पुढे कुठेतरी ती चाल असेल म्हणून. शेवटच्या क्रमांकानंतर स्पीकर आपोआप पहिल्यावर आला. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून ऐकायला घेतलं.

मी त्यांच्यासमोर फरशीवर बसले आणि स्पीकर बंद केला.

"आक्का, वहिनींनी काही नाही केलं," मी म्हणाले. "काकड्याच्या सगळ्या फाइली मी पुसल्या. आता त्या कुठेच नाहीत. तुम्हाला जेवढ्या चाली हळू आवाजात सांगता येतील तेवढ्या सांगा, मी आणि वहिनी दोघी ऐकतो."