बादलीला वळसा

माझं लग्न आत्याच्या मुलाशी झालं. आमच्या भागात याचं कुणाला नवल नाही. उलट पोरगी सुखात पडली असंच सगळे म्हणाले. सासू म्हणजे आत्याच, आणि सासऱ्यांना लहानपणापासून मामा म्हणायचे, ते पुढेही मामाच राहिले. फक्त एक गोष्ट आधी कुणी सांगत नाही. सासरचं गाऱ्हाणं माहेरी सांगायचं तर माहेर वेगळं असावं लागतं. मी नांदेडला वडिलांजवळ काही बोलले की ते त्यांच्या सख्ख्या बहिणीबद्दल असतं, आणि भाकरी तव्यावर पडायच्या आत ते फोनवरून आमच्या गावात, लातूर जिल्ह्यात शिरूर अनंतपाळच्या बाजूला, परत पोचलेलं असतं. मग आत्या पिठाचा हात न थांबवता विचारते, भाजीत मीठ जास्त झालं म्हणलीस म्हणं.

या दोन्ही घरांत कारवान कुत्री. उंच, सडपातळ, छाती खोल आणि कंबर बारीक. वासावर नव्हे, नजरेवर धावणारी जात. शिकार कधीच बंद झाली, आता ही कुत्री डॉग शोला पळतात. वडिलांकडे माद्या, मामांकडे नर. मादी बाहेर विकायची नाही, सोयऱ्यातच द्यायची, हा दोन्ही घरांचा रिवाज. त्यानं घराणं शुद्ध राहतं, असं दोघंही छातीवर हात ठेवून सांगतात. पोरगी नांदेडहून लातूरकडे येते तशी कुत्रीही येते. माझ्या लग्नात कपाट, भांडी आणि एक कुत्री टेम्पोतून आली. सामान उतरवताना माझ्याहून तिलाच बघायला जास्त माणसं जमली होती, हे मी अजून विसरलेले नाही.

तिच्याच पोटचा हा नर. त्याची आई बाळंतपणातच गेली, म्हणून याला मी बाटलीनं दूध पाजून वाढवलं. नवरा पुण्याला कंपनीत, महिन्यातून एकदा येणार; मुलगा तेव्हा जेमतेम चालायला लागला होता. घरात माझ्या मागं मागं फिरणारे हे दोघंच. कुत्रा मोठा झाला तसा मामांचा जीव त्याच्यात अडकला, पण मामांचे गुडघे गेलेले, रिंगमध्ये त्याच्याबरोबर पळणार कोण? माझ्याशिवाय तो कुणाच्या हातात चालायचा नाही. शेवटी मामांनीच मला बूट आणून दिले. शेजारच्या घरी सून गेटाबाहेर निघाली तरी चार तोंडं उघडतात. आमच्याकडे सून पंजाबी ड्रेस घालून कुत्र्यासोबत मैदानात पळायची आणि सासरा टाळ्या वाजवायचा. मला मोकळीक मिळाली असं सगळ्यांना वाटायचं. थोडे दिवस मलाही वाटलं.

तो अडीच-तीन वर्षांचा असताना एकदा दिवेलागणीला अंगणातल्या पाण्याच्या बादलीवर धडकला. बादली रोजच्याच जागी होती. दुसऱ्या दिवशी मी ती मुद्दाम सरकवून ठेवली. ऊन असताना तो तिला छान वळसा घालून गेला. दिवस मावळला आणि तो थेट तिच्यावर गेला, पाणी अंगावर सांडलं, आणि मग कान पाडून, आपलं काय चुकलं असं माझ्याकडे बघत राहिला. माझ्याकडे म्हणजे मी जिथं होते त्याच्या थोडं बाजूला.

मामांना सांगितलं. ऊन लागलं असंल, म्हणाले, आणि त्याच्या दुधात अंडं वाढवलं.

मग लस टोचून आणते असं सांगून मी त्याला उदगीरला जनावरांच्या डोळ्यांचं बघणाऱ्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी थेंब घालून बाहुल्या मोठ्या होऊ दिल्या, खोली अंधारी केली आणि भिंगातून बराच वेळ बघितलं. मी त्याचं तोंड माझ्या मांडीवर धरून बसले होते. डोळ्यांचा आतला पडदा झिजत चालला आहे, त्यांनी सांगितलं. आधी अंधुक उजेडात दिसेनासं होतं, पुढं भर दुपारीही दिसणार नाही. औषध नाही. मी विचारलं, झालं कशानं? कशानं झालं नाही, म्हणाले, रक्तातून आलं. आई आणि बाप दोघांकडूनही आलं तरच डोळे जातात. एकाकडूनच आलं तर त्या जनावराला स्वतःला काही होत नाही, पण ते पुढं देत राहतं. एकाच घराण्यात फिरवून फिरवून जोड लावली की दोन्हीकडचं एकत्र यायला वेळ लागत नाही. याची जोड लावू नका, आणि नात्यातली बाकीची सगळी तपासून घ्या.

नात्यातली बाकीची सगळी. मी मान हलवली. दुसराही एक प्रश्न माझ्या तोंडाशी आला होता, पण ते कुत्र्यांचे डॉक्टर होते. मी विचारला नाही.

त्या वेळी नांदेडची मादी माजावर यायच्या बेतात होती, याच्या मावशीची मुलगी. शो नांदेडलाच ठरलेला. शो झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी वडिलांच्या अंगणात जोड लावायची, हे मामांनी आणि वडिलांनी महिनाभर आधी फोनवर पक्कं करून टाकलं होतं. माझ्या जिवाला घोर लागला तो एवढाच, की ही जोड लागता कामा नये. पण सांगू कुणाला? मामांना सांगितलं तर त्यांच्या नराला खोट लागते. वडिलांना सांगितलं तर त्यांच्या माद्यांना. एका घरात तोंड उघडलं की दुसरं घर खाली येतं, आणि दोन्ही घरं माझीच. नवऱ्याला फोन केला, तर तो म्हणाला, शो होऊ दे, मग बघू. फोनवर बघू म्हणायला त्याचं काय जातं.

शो दुपारचा होता. पण प्रमुख पाहुणे आल्याशिवाय शेवटची फेरी नाही, आणि पाहुणे काही वेळेवर येत नसतात. ऊन उतरलं, मैदानावरचे दिवे लागेनात, मांडववाला वायरी हुडकत फिरत होता, आणि त्या करड्या उजेडात आमचा पुकारा झाला. पट्टा हातात घेतला तेव्हाच मला त्याची मान ताठ झालेली कळली. त्याला काही दिसत नव्हतं. तो माझ्या मांडीला चिकटला, डोकं वर धरलं आणि एकेक पाय उंच उचलून टाकायला लागला, पुढं काय असेल नसेल या भीतीनं. मी वळले की तो वळायचा, मी थांबले की थांबायचा. सगळ्या मैदानात त्याच्यापाशी मीच तेवढी होते. लोक मात्र बघतच राहिले. जज्जनी दात बघितले, पाठीवरून हात फिरवला, आम्हाला पुन्हा एकदा पळवलं आणि माईकवरून म्हणाले, चाल बघा, काय ऐट आहे.

कप आम्हाला मिळाला. मामा मांडवात डोळे पुसत होते. मला मात्र त्या टाळ्यांत ओरडावंसं वाटत होतं, की ही ऐट नाही, याला भीती वाटतेय.

वडिलांच्या घरी आलो. कप टीव्हीवर ठेवला. चहा झाला, पेढे झाले. भावाला नुकतीच मुलगी झालेली. तिच्या बारशालाच मामांनी तिला मांडीवर घेऊन, ही आमची, असं जाहीर केलं होतं, म्हणजे माझ्या मुलासाठी. आताही ते तिला खेळवत होते आणि सकाळची तयारी ठरवत होते, कुठली खोली, कुणी धरायचं. मी उठून मध्ये उभी राहिले. ओढणी कमरेला घट्ट बांधली.

"उदगीरला दाखवून आणलंय मी त्याला. त्याचे डोळे चाललेत. रक्तातूनच आलंय, दोन्हीकडून. ही जोड लावू नका."

मामांनी पोरीला दुसऱ्या मांडीवर घेतलं. मग मामा शांतपणे म्हणाले, "नवीन काय सांगायलीस? याच्या बापालाबी दिवस मावळला की दिसत न्हवतं. आम्ही त्याला दिवसाच काढायचो."

मी वडिलांकडे बघितलं. वडील नातीच्या अंगावरचं पांघरूण नीट करत होते; ते नीटच होतं.

"अण्णा, माझ्यासोबत कुत्री दिली, तवा तुम्हाला ठाऊक होतं?"

"हाव," ते म्हणाले. "तिच्या आईचे डोळे गेलते. बाहेर कुणाला देणार, बाई? नाव गेलं असतं. घरातच दिली. घरातली गोष्ट घरात ऱ्हाती."

मी ज्या गोष्टीपायी महिनाभर जेवले नव्हते ती त्यांना माझ्या लग्नाआधीपासून माहीत होती, दोघांनाही, आणि दोघंही शांतपणे झोपत होते. मला राग आला आणि तो राग ठेवायला जागा नव्हती. तिथून उठून जाणार कुठं? माहेरी रुसून जायचं तर मी माहेरीच बसले होते.

सकाळी मी कुत्र्याला धरायला नकार दिला. स्वयंपाकघरात जाऊन धुतलेली भांडी पुन्हा धुवायला घेतली. मागच्या खोलीत त्यानं गोंधळ घातला. खोली अंधारी, घर परकं, आणि मी नाही. तो कण्हत होता, दार खरवडत होता. मला हाका आल्या, मी नळ मोठा केला. मी गेले नाही तर जोड लागत नाही, एवढं तरी माझ्या हातात आहे, असं मनाला बजावत राहिले. आणि मग त्याचा आवाज थांबला.

बाहेर येऊन बघितलं तर दोरीवरची माझी ओढणी नव्हती, आदल्या दिवशी रिंगमध्ये घातलेली. ती त्यांनी आत नेऊन त्याच्या तोंडाशी ठेवली होती. मी नसले तरी माझ्या वासावर भागलं.

पिल्लं झाली. नरवाल्याला पहिली निवड, या रिवाजानं एक मादी आमच्याकडे आली. आता तिची आणि माझीच गट्टी आहे. बापासारखी तीही माझ्या वासाला धरून असते. तिचा बाप आता दिवसाही भिंतीला धरून चालतो. पिल्लाचं दोन-अडीच वर्षांशिवाय काही कळणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं आहे. तरी रोज दिवेलागणीला मी अंगणात बादली ठेवते, रोज नव्या जागी, आणि पायरीवर बसते. पिल्लू उड्या मारत येतं, बादलीपाशी थबकतं, वळसा घालतं. माझा श्वास तेवढ्यापुरता सुटतो.

परवा पिल्लाच्या मागून माझा मुलगा धावत आला. तोही बादलीपाशी आला आणि वळसा घालून गेला, आणि माझ्या लक्षात आलं, मी त्याच्याकडेही तसंच बघत होते. त्याचे डोळे चांगले आहेत. पण ते कुत्र्यांचे डॉक्टर होते आणि मी विचारलं नव्हतं, आणि नांदेडला भावाची मुलगी आता बसायला लागली आहे.

आत्या दारात उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. माझ्या तोंडून निघून गेलं, "आत्या, भावाची पोरगी आपल्या घरी आणायची न्हाई."

आता हे नांदेडला पोचणार, असं वाटून मी फोनकडे बघितलं. आत्यानं पदरानं हात पुसले.

"एकाच घरात किती फिरवायचं," ती म्हणाली. "तुझ्या लग्नाच्या वेळंला मीबी हेच म्हणले होते. माझ्याबी वेळंला माझ्या आईनं म्हणलं होतं."

मग ती खाली आली, बादली उचलली आणि अंगणात दुसऱ्या जागी नेऊन ठेवली. माझ्या शेजारी पायरीवर बसली. आम्ही दोघी पिल्लू परत यायची वाट बघत राहिलो.