लुई विरुद्ध अली, माझ्या सलूनमध्ये

व्हर्लन टिस्डेल आयुष्यात बॉक्सिंगच्या तीस लढती लढला आणि त्यातल्या एकोणीस हरला. हे तो स्वतःच सांगायचा, तेही माझा वस्तरा त्याच्या गळ्यावर असताना, म्हणजे मला हसायची सोय नाही. पुढची चौतीस वर्षं त्यानं जर्मनटाउन अव्हेन्यूवर तेवीस नंबरची गाडी चालवली, आधी ट्राम आणि मग बस. पण उत्तर फिलाडेल्फियात त्याला मान होता तो ना लढतींमुळे ना बसमुळे. तो होता माझ्या सलूनमधल्या उंच स्टुलामुळे.

दर शनिवारी सकाळी दहाला त्या स्टुलावर बसून व्हर्लन एक लढत सांगायचा. जॅक जॉन्सन विरुद्ध लॅरी होम्स. मार्सियानो विरुद्ध टायसन. जे जन्मात कधी समोरासमोर उभे राहिले नाहीत आणि राहणारही नव्हते, असे दोन हेवीवेट तो माझ्या आरशांसमोर उभे करायचा आणि फेरीमागून फेरी लढवायचा. दोघंही आपापल्या सर्वांत चांगल्या वर्षातले. पंधरा फेऱ्या. शेवटी बसलेल्या मंडळींनी हात वर करून निकाल द्यायचा. डोक्याला अर्धी कात्री लागलेली माणसंसुद्धा खुर्चीतून हात वर करायची, आणि मी कात्री थांबवून ते मोजायचो.

नियम एकच कडक होता. जे एखाद्यानं खऱ्या रिंगणात कधी केलं नाही, ते इथं त्याच्या हातून करवायचं नाही. हा नियम मोडला की सांगणारा स्टुलावरून कायमचा खाली. पूर्वी एका पोस्टमननं मार्सियानोला लांबून जॅब, म्हणजे सरळ झटक्याचे ठोसे, मारत लढवलं होतं. आखूड हातांचा मार्सियानो, आणि लांबून! त्या पोस्टमनला लोकांनी इतकं धारेवर धरलं की तो आता दोन चौक पलीकडे केस कापून घेतो, आणि वाईट कापून घेतो.

व्हर्लननं एकतीस वर्षांत हा नियम एकदाही मोडला नव्हता. त्याच्या लेखी जो लुई म्हणजे देवाच्या खालोखाल. अलाबामात लहानपणी शेजाऱ्याच्या रेडिओला कान लावून त्यानं लुईच्या लढती ऐकल्या होत्या. तरी लुई हरायचा असेल तर व्हर्लन त्याला हरवायचा, आणि मग दिवसभर कुणाशी बोलायचा नाही.

त्याचा जिवलग मित्र लेम्युएल गॅस्किन्स. आम्ही त्याला लेम म्हणायचो. लेमही जुना लढवय्या. एक डोळा रिंगणात गेला, दुसरा साखरेनं घेतला. आणि हा माणूस अलीचा भक्त! अलीच्या हाडवैऱ्याच्या, जो फ्रेझरच्या, गावात राहून अलीची तरफदारी करायची म्हणजे शिव्यांचं जेवण रोजचंच. लेमला ते जेवण मानवायचं. लुई विरुद्ध अली ही लढत मात्र दोघांनी एकतीस वर्षं टाळली होती. उगाच घरात भांडण कशाला, असं दोघंही म्हणायचे.

मग धाकट्या बुश साहेबांच्या शेवटच्या वर्षी, ऑक्टोबरात, लेमची मुलगी डेनिता जॉर्जियातून आली. मेकनला तिचं घर आहे. वडिलांना ती घेऊन जाणार होती, शनिवारी दुपारीच. लेमनं निरोप पाठवला, शनिवारी सकाळी लुई आणि अली.

गुरुवारी व्हर्लन माझ्याकडे आला. केस कापायचे नव्हते, तरी खुर्चीत बसला.

"रूडी, लेमला जिंकवून पाठवावं म्हणतो."

"मग जिंकव की. अर्धं जग म्हणतं अली जिंकेल."

"म्हणू दे. मला नाही तसं वाटत. मी डोळे मिटले की लुई जिंकतो. दर वेळी जिंकतो."

"मग लुई जिंकला असं सांग."

"आणि लेमला हरवून गाडीत बसवू? पुन्हा भेट व्हायची की नाही कुणाला ठाऊक. आम्ही दोघं काय आता पंचविशीतले आहोत?"

मी कात्री उचलली. त्याच्या मानेवरचे दोन चुकार केस उडवले आणि पैसे घेतले नाहीत.

शनिवारी बसायला जागा नव्हती. डीकन परनेल, जे चर्चमध्ये आणि माझ्याकडे सारखेच झोपतात, तेसुद्धा टक्क जागे होते. लेम पुढच्या खुर्चीत, काठी गुडघ्यांत धरून, टोपी काढून. व्हर्लन स्टुलावर चढला आणि सुरू झाला.

खरं सांगतो, इतकं चांगलं तो कधीच बोलला नव्हता. पहिल्या चार फेऱ्या अली नुसता नाचला. लुई पाय घासत पुढे येतोय आणि अली तिथं नाहीच. पाचवीत लुईचा जॅब लागला. आठवीत पुन्हा लागला.

"जॅब मारून लुईचा डावा हात खाली येतो!" लेम ओरडला. "श्मेलिंगनं त्यावरच लोळवला होता त्याला!"

"ते छत्तीस साल! माझा लुई अडतीसचा आहे, त्याच श्मेलिंगला पहिल्या फेरीत झोपवणारा. गप्प बस आंधळ्या, तुला काय दिसतंय?"

"तुझ्यापेक्षा जास्त दिसतंय!"

सगळं सलून हसलं. लेम तर खुर्चीत उड्या मारत होता. बारा फेऱ्या झाल्या, दोघं बरोबरीत.

तेरावी फेरी. व्हर्लननं रुमालानं तोंड पुसलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं, आणि मी कात्री खाली ठेवली.

"अली दोरांपाशी," तो हळू आवाजात म्हणाला. "खाली वाकतो. आणि डाव्या हाताचा हूक, बाजूनं वळवून, थेट लुईच्या बरगडीखाली. पोटात. लुई गुडघ्यावर. सात, आठ, नऊ..."

शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. अली डोक्याकडे मारणारा गडी. पोटात हूक मारून त्यानं कुणाला झोपवलं नव्हतं, निदान या सलूनमध्ये तरी तसं मानत नसत. परनेल डीकननी तोंड उघडलं आणि मिटलं. सगळ्यांना कळलं, आणि सगळ्यांनी ठरवलं की आपल्याला कळलं नाही. मीसुद्धा.

लेमनं काठी आपटली.

"थांब."

"दहा," व्हर्लन म्हणाला. "संपलं. तू जिंकलास, लेम."

"माझा माणूस पोटात मारत नाही. चाळीस वर्षं तूच मला हे ऐकवतोयस. 'तुझ्या अलीला पोट कुठं असतं ते माहीत नाही,' कोण म्हणायचं?"

"चुकलं असेल. वय झालं."

"तुझं चुकत नाही. तू हातचं राखून लढतोयस माझ्याशी."

व्हर्लननं रुमाल खिशात कोंबला. मग म्हणाला, "तू जिंकून जावंस असं वाटलं रे मला."

लेमचा चेहरा लालबुंद झाला.

"मुलगी आल्यापासून घरात माझं मटण कापून देते. मोजे घालते. रस्त्यावर अनोळखी लोक माझा दंड धरतात, मला नको असताना. सगळं जग माझ्याशी जपून वागतं, व्हर्लन. या एका जागी कुणी जपत नव्हतं. इथं तू मला आंधळ्या म्हणतोस आणि मग झोडपतोस. आणि आज, शेवटच्या दिवशी, तूही?"

व्हर्लन स्टुलावरून उतरायला लागला. नियम तो नियम.

"बस खाली!" लेम गरजला. "उतरायचं ते पंधराव्या फेरीनंतर. तेरावी पुन्हा सांग. डोळे मिट आणि दिसेल ते सांग."

व्हर्लननं डोळे मिटले. त्यातून पाणी येत होतं, ते त्यानं पुसलं नाही. तेरावी अलीनं घेतली, चौदावी लुईनं. पंधराव्या फेरीत अली मागे सरकताना हात खाली सोडून सरकला, जसा तो सरकायचा, आणि लुईचा डावा हूक जबड्यावर बसला. अली पडला. उठला. शेवटपर्यंत उभा राहिला, पण फेरी हातची गेली होती. हात वर झाले. मी मोजले. लुई नऊ, अली आठ.

"चोरी!" लेम उभा राहिला. "दिवसाढवळ्या चोरी! रूडी, तुला मोजता येत नाही! हा बसवाला विकला गेलाय! व्हर्लन, तुझ्यासारखा लबाड माणूस मी दोन्ही डोळे असतानाही पाहिला नाही!"

व्हर्लन स्टुलावरून उतरला, कायमचा, आणि तिथूनच ओरडला, "रडतोस काय! हात वर ठेवायला शिकव तुझ्या माणसाला!"

डेनिताची गाडी दाराशी लागली. लेमला दोघांनी मिळून बसवलं, तरी त्याचं तोंड चालूच. खिडकीतून काठी बाहेर काढून तो सातव्या फेरीचे गुण परत मागत होता. गाल लाल, टोपी वाकडी.

डेनिता घाबरून बाजूला आली. "व्हर्लन काका, डॅडींना काय झालं? आई गेल्यापासून ते एवढ्या मोठ्यानं बोललेलेच नाहीत. काय केलंत तुम्ही त्यांना?"

व्हर्लननं नाक पुसलं.

"हरवलं," तो म्हणाला.