सुमनला चालतं करणाऱ्या भागाबाई

भागाबाई कुणाच्याही घरात शिरल्या की तब्येत विचारायच्या आधी चुलीवरच्या भगुन्याचं झाकण उचलायच्या. "बाया खोटं बोलत्यात, भगुनं न्हाई," म्हणायच्या. राजूरजवळच्या आमच्या गावातल्या त्या सुईण. अर्धं गाव त्यांच्याच हातावर जन्मलेलं, त्यामुळे अडवायची कुणाची छाती नव्हती.

मी तेव्हा आरोग्यप्रचारात होते. पिशवीत पत्रकं, तोंडात घोषणा. सोजरबाईंची सून सुमन सात महिन्यांची पोटुशी. दुष्काळ सरकारी सुकडीच्या पिठावर काढलेल्या सोजरबाईंनी पीक येताच ठरवलं, सुनेनं दोन जिवांचं खायचं आणि बाजेवरून पाय खाली टाकायचा नाही. शिरा, डिंकाचे लाडू, वर डोहाळे पुरवायला गल्लीगल्लीतून येणारी ताटं! जालन्याच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, वजन असंच भराभर वाढलं तर बाळंतपण अवघड जाईल. साधं, पोटभर जेवा, रोज चाला. सुमन घाबरून रडत होती. मी बाजेपुढे उभी राहून पत्रक मोठ्यानं वाचलं. सोजरबाईंनी शांतपणे ऐकलं आणि माझ्याच हातावर लाडू ठेवला. "खाय माय, किती वाळली! पोटात न्हाई म्हणून वरडून राह्यली."

मी तो खाल्ला. याचा राग अजून गेलेला नाही.

भागाबाई पोट धरून हसल्या. मग म्हणाल्या, "सोजर, मानाच्या सुनेला लोक घरी बोलवतेत. ताटं पाठवून देतेत म्हंजी तुझ्या सुनेला बोलावणंच न्हाई की वं!"

झालं! दुसऱ्या दिवसापासून सोजरबाईंनी गावाला बजावलं : डोहाळे पुरवायचे तर रीतसर बोलवा. सकाळचं घर वेशीपाशी, संध्याकाळचं पार मळ्याकडे. घरं भागाबाईच ठरवायच्या. पुढे सुमन, मागे खिदळणाऱ्या बाया. "बोलता येईना इतकं जल्दी नको, पोरी. दम लागला की बस," भागाबाई मागून सांगायच्या. झाकणं आधीच तपासलेली असायची : भाकरी, मेथी, वरण, ताक. कुणी हौसेनं शिरा केलाच तर, "तिला घासभर, बाकी मला." दोन महिन्यांत सुमनचं वजन वाढणं बेतात आलं आणि भागाबाईंच्या चोळ्या उसवल्या.

"ही फसवणूक आहे!" मी तणतणले. "सोजरबाईंना नीट समजावून सांगा."

"सांगते की. पण तवर पोट थांबणार हाय का तुझ्या पत्रकासाठी?"

सुमन सुखरूप मोकळी झाली. खणखणीत रडणारी मुलगी! "माझ्या लाडवाची करामत," सोजरबाई दारोदार सांगत सुटल्या. मी उसळले, तर भागाबाईंनी माझा दंड धरून ठेवला.

पुढच्या वर्षी माझी बदली झाली. निरोप घ्यायला गेले, तर भर रस्त्यात सोजरबाई पोटुशी असलेल्या धाकट्या सुनेला चालवत होत्या. "रोज चालावं, भाजी-भाकर खावी, शिरा बेतानं. हे बिलकुल माझ्या डोक्यातलं हाय, ताई! तुमच्या कागदात छापा."

मी भागाबाईंकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत हसू मावत नव्हतं. "छाप की," त्या म्हणाल्या, "आन् सोजरचं नाव मोठ्या अक्षरात घाल. मंग ती तिसऱ्या सुनेलाबी चालवती."

मी निमूट पेन काढलं.