लग्नपत्रिकेचं पॅकिंग

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकीने झोक्यावर बसावं, गाणी म्हणावीत, आणि कुणाच्या अध्यात-मध्यात पडू नये. त्या वर्षी मी मात्र विहिरीवरच्या इंजिनापाशी उकिडवी बसले होते, कोपरापर्यंत काळ्या तेलाने बरबटून. आईने पाहिलं असतं तर कपाळावर हात मारून घेतला असता.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मला धुळ्याला दिलेलं, आणि माहेर यावलजवळ, केळीच्या पट्ट्यात. आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, आदल्या दिवाळीत अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. पाय सुधारला, बोलणंही सुधारलं. उजव्या हाताने मात्र दगा दिला. बोटं मिटायची, पण त्यांत पकड नव्हती. डाव्या हाताने जेवायला लागल्यापासून ते पंगतीला जायचे बंद झाले होते. गावात कोणाचंही इंजिन अडलं की आबांना बोलावणं यायचं, तेही बंद झालं. लोक भले होते, त्रास नको म्हणून बोलावत नव्हते. पण आबा दारात बसून वाट बघायचे, हे मला आईने सांगितलं.

वैशाखात केळीला पाणी चुकलं की संपलं. घड नुकते निसवून बाहेर आलेले, वर उन्हाच्या झळा. विहिरीवर विजेची मोटर होती, पण वीज असून नसल्यासारखी. त्यामुळे सगळी मदार आबांच्या जुन्या डिझेल इंजिनावर. आणि नेमकं आखाजीच्या तोंडावर ते ऑइल गळायला लागलं. बाजूच्या झाकणाचं पॅकिंग, म्हणजे फटीतून ऑइल गळू नये म्हणून झाकणाखाली बसवतात तो जाड कागद, खराब झालेलं. गळती फार नव्हती, पण खालचा सिमेंटचा ओटा सगळा काळा झाला होता.

धाकटा भाऊ म्हणाला, "फिटर सणाला पाचोऱ्याला गेलाय, त्याच्या घरी. आखाजी झाली की येईल. तोवर वरून ऑइल टाकत राहू."

आबा म्हणाले, "कायले फिटर? मी बदलतो ना पॅकिंग."

भाऊ आईकडे वळला आणि म्हणाला, "आई, त्यांना सांग, ऊन लागेल. घरीच बसू दे."

अरे, माणूस समोर बसलाय! त्याला वगळून काय बोलतोस, तो काय पाळण्यात आहे का? मी तिथेच भावाला झापलं. तोही चिडला. "ताई, तू दोन दिवस येणार, झोके घेणार आणि जाणार. काही बिघडलं तर बाग माझ्या गळ्यात." यात खोटं काहीच नव्हतं, म्हणून तर मला जास्त राग आला. त्याच्या म्हणण्यात अक्कल होती. ऑइल टाकत राहिलं असतं तर चार दिवस सहज निघाले असते. पण आबांचं इंजिन आबांच्या डोळ्यांदेखत गळतंय आणि ते खाटेवर बसून बघतायत, हे चार दिवस कसे काढायचे, ते त्या अकलेत कुठे बसत नव्हतं.

आखाजीच्या दिवशी सकाळी भाऊ पत्ते खेळायला मारुतीच्या पारावर गेला. आमच्याकडे त्या दिवशी बाप्यांना पत्त्यांची सूट असते, कोणी हाक मारत नाही. आई पुरणात अडकलेली. आबा हळूच म्हणाले, "बाई, चल ना मळ्यात. तू फक्त माझा उजवा हात हो."

काय करायचं? नाही म्हटलं तर त्यांना नाही म्हणणाऱ्यांत मीही एक झाले असते. हो म्हटलं आणि काही मोडलं तर बाग उन्हात. मी निघाले. पायवाटभर मी मागे रेंगाळत होते, आणि आबा पुढे असे चालले होते, जसे काही वरातीला निघालेत.

नवीन पॅकिंग कुठलं आणणार? दुकानं बंद. आबांनी बंडीच्या खिशातून एक जाडजूड लग्नपत्रिका काढली. यात नवल काही नव्हतं. लग्नसराईत घरात पत्रिकांचा ढीग असायचा आणि आमच्याकडे कित्येक इंजिनांची पॅकिंगं पत्रिकेचीच. झाकणाच्या मापाने कापायची, साबण चोळायचा, बसवायची. पण या पत्रिकेवर मधोमध गणपती होता, चांगला उठावाचा. आबा थबकले. "देवाले तेलात नाही घालायचं," म्हणाले. मला गणपती कापायला लावला, तो कपाळाला लावला आणि खिशात जपून ठेवला. उरलेला कागद मापाला पुरेना. मग दोन तुकडे जोडले.

"आबा, जोडातून गळेल हो."

"साबण दाब. गळत नाही."

मी दाबला. झाकण बसवलं, आबा सांगतील तसे नट पिळले. आबांचा आवाज कधी नव्हे इतका मोकळा झाला होता. "आरामात. समोरासमोरचे नट घे. असं. वा गं माझी बाई!" इतक्या महिन्यांत त्यांना इतकं खूश कोणी पाहिलं नव्हतं. हँडल मी फिरवलं, दमछाक झाली, पण इंजिन सुरू झालं. आबा हसले. मग जोडाच्या जागी काळा थेंब आला. पुसला. पुन्हा आला.

इंजिन बंद केलं. आबा म्हणाले, "पीळ अजून."

मी पिळला. पान्याला आता जड लागत होतं. "आबा, बस झालं."

"अजून थोडा."

नट किती पिळायचा हे आबांना तोंडाने कधी सांगावं लागलंच नव्हतं. ते त्यांच्या पंजाला कळायचं. आता पाना माझ्या हातात, आणि त्यांना कळत काहीच नव्हतं. त्यांनी आपला उजवा पंजा माझ्या मुठीवर ठेवला, अंदाज घ्यायला. तो पंजा गार आणि सैल होता. मग त्यांनी डाव्या हाताने पान्याच्या टोकावर सगळं वजन टाकलं. कट्ट झालं. नट ज्या आट्याच्या दांड्यावर बसतो तो स्टड आतल्या आत तुटला होता. झाकण एका बाजूने सुटलं आणि ऑइल धार लावून खाली यायला लागलं. आता वरून टाकत राहायचीही सोय उरली नाही.

मी धावत पारावर गेले, भावाला उठवून आणलं. वाटभर मी तयारीत होते. तो ओरडला की मीही ओरडणार होते, सगळं माझ्या अंगावर घेणार होते.

आबाच आधी बोलले. "मी तोडला."

भाऊ ओरडला नाही. त्याने रॉकेलचा बोळा घेऊन आबांचे हात पुसले, एक-एक बोट. "जाऊ द्या. कुणाला लागलं नाही ना," एवढंच म्हणाला. मग शेजारच्या मळेवाल्याकडे जाऊन त्याच्या विहिरीचं पाणी दोन पाळ्या मागून आला. बाग वाचली. आरडाओरडा केला असता तर आबा उलटून भांडले असते हो! शिव्या घातल्या असत्या, तो भंगार स्टड होता म्हणाले असते. त्या मायेपुढे ते नुसते आपले पुसलेले हात बघत बसले.

संध्याकाळी आमचा सालदार, वर्षाच्या बोलीवर ठेवलेला शेतगडी, आला. आमच्याकडे सालदाराचं वर्ष आखाजीला संपतं आणि पुढचं साल त्याच दिवशी ठरतं, घरच्या कर्त्याच्या शब्दाने. तो आबांच्या खाटेसमोर बसला आणि म्हणाला, "मंग आबा, पुढचं साल कसं करायचं?"

आबांनी भावाकडे हात केला. "आते त्याले इचार."

भाऊ दारात उभा होता. मग येऊन आबांच्या पायाशी जमिनीवर बसला. सालदाराशी काय-काय ठरवलं, किती धान्य, किती कपडे, ते मला आता आठवत नाही. आठवतं ते इतकंच, की प्रत्येक गोष्टीला तो मान वर करून विचारत होता, "बरोबर ना आबा?" आबा भिंतीकडे बघत होते.