थांबवायचं बटण

त्या पहाडी पोस्टिंगवर मी वर्कशॉपमध्ये हवालदार होतो. नाईक जनार्दन म्हात्रे आमचा डिस्पॅच रायडर. मोटरसायकलवर ट्रकांच्या कॉन्व्हॉयच्या पुढे राहून रस्ता पाहायचा, हे त्याचं काम. तो कळंबोलीजवळच्या गावातला आगरी. आमच्या घराण्यात पहिला पदवीधर मी, म्हणून तो मला ‘बी.ए. साहेब’ म्हणून चिडवायचा. वर्कशॉपचा एक रिवाज होता. दुरुस्त मशीन रायडरच्या ताब्यात देण्याआधी त्याने ते डोळे मिटून बंद करून दाखवायचं. सुरू तर कोणीही करतं.

जनार्दन त्याच पोस्टिंगवर दरड कोसळून गेला.

निवृत्तीनंतर मी खांदेश्वरला स्थायिक झालो. जनार्दनची मुलगी सायली यंदा तळोज्यात नोकरीला लागली. वडिलांची घरची जुनी मोटरसायकल चालवायची, असा तिचा हट्ट. हँडलवरचे स्विच झिजून मोडले होते आणि त्या जातीचे आता मिळत नाहीत. नवे आणले आणि रविवारी सकाळी त्यांच्या अंगणात जुन्या वायरिंगला जोडायला बसलो. तिची आई, हिरा वहिनी, ओटीवर बसून होत्या. त्यांची संमती नव्हती.

हॉर्न, इंडिकेटर, डिपर जुळले. पण इंजिन थांबवायचं लाल बटण ‘रन’वर असताना इंजिन उठेना. ‘ऑफ’वर केलं आणि पहिल्याच किकला सुरू झालं. कारण ध्यानात आलं. जुनं इंजिन वायर बॉडीला टेकली की बंद पडतं. नवा स्विच नेमका ‘रन’वर ती टेकवत होता.

“म्हणजे ऑफ म्हणजे चालू. लक्षात ठेवेन, काका. टेन्शन नका घेऊ.”

“नाही. घाबरलेला हात सवयीनेच चालतो. बदलतो मी.”

मी पिशवीत वायर शोधायला वळलो. मागे गाडी स्टँडवरून उतरवल्याचा आवाज झाला.

“फक्त फाटकापर्यंत!” सायली म्हणाली. तिने गिअर टाकला, ॲक्सिलरेटर पिळला, आणि तो परत फिरेना. आतली केबल गंजलेली होती. इंजिन किंचाळू लागलं. गाडीचं तोंड उघड्या फाटकाकडे होतं आणि बाहेर लोखंड लादलेले ट्रेलर जात होते. तिचा अंगठा ‘ऑफ’ दाबत होता. बटण आधीच ‘ऑफ’वर होतं.

“काका, बंद होत नाहीये!”

“क्लच सोडू नको!”

“बोटं निसटतायत!”

“धरून ठेव! सोडू नको!”

मी धावलो आणि प्लगची टोपी उपटली. कोपरापर्यंत झटका बसला. इंजिन थांबलं.

वहिनी मुलीवर ओरडल्या नाहीत. ओटीवरून उठून माझ्यासमोर आल्या.

“भावजी, खरं सांगा. त्यांची गाडी पन अशीच थांबली नवती ना?”

गाडी थांबली नाही म्हणून तो गेला, असं इतकी वर्षं त्यांना वाटत होतं, हे मला माहीत नव्हतं.

“थांबली होती, वहिनी. त्यानेच थांबवली. पुढे दगड सुटताना दिसले. रेडिओ लागत नव्हता. त्याने गाडी आडवी लावली आणि कॉन्व्हॉयकडे धावत आला, दोन्ही हात वर करून. ‘हॉल्ट, हॉल्ट’ ओरडत. आमचे ट्रक थांबले. दरड त्याच्यावर आली.”

“आमचे?”

“पहिल्या ट्रकात मी होतो.”

वहिनी गाडीकडे वळल्या. मग म्हणाल्या, “बटन नीट करा. पोरगी जाऊंदे.”

केबल बदलली. या गाडीला सेल्फ स्टार्ट नाही, त्यामुळे नव्या स्विचवरचं स्टार्टचं बटण बिनकामाचं होतं. दाबलं की जोडणारं बटण. इंजिन थांबवायची वायर त्याला दिली, वरची खूण खरवडली, लाल बटण वायर न जोडता कायमचं मोकळं सोडलं. सायलीने डोळे मिटून इंजिन बंद करून दाखवलं. वहिनींनी पुन्हा करायला लावलं.

नाईक जनार्दन म्हात्रे, डिस्पॅच रायडर. त्याच्या मागून येणारे आम्ही सगळे घरी पोहोचलो.